निळा दोरा, हिरवा दोरा

३ ऑगस्ट, शनिवार

नाक निघालं!

कंद नेहमीसारखा अर्धा मातीच्या वर, कांद्यासारखी वाळकी सालं अंगावर. वरच्या फटीतून लालसर, बोथट काहीतरी. बाबा त्याला नाक म्हणायचे. पान असतं तर हिरवं आणि चपटं असतं. हे पान नाही. हे फूल आहे.

चौदा वर्षं! बाबांनी बी पेरलं तेव्हा मी चौदाची होते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका म्हाताऱ्यानं पाकिटातून पाठवलेल्या दोन बिया. झाडाचं नाव ब्रुन्सविगिया. "हे फुलेल तेव्हा तुम्ही दोघं मोठे झालेले असाल," म्हणाले होते.

सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहितेय.

५ ऑगस्ट

९ सेमी. संध्याकाळी ११.

कामावर एका बाईंचा फोन. ट्रेन बावीस मिनिटं उशिरा आली, ही माझी चूक असल्यासारख्या बोलत होत्या. मी म्हटलं, "माझ्याकडे चौदा वर्षं उशीर झालाय, बाई." त्या म्हणाल्या, "तुमच्या वरिष्ठांना द्या."

दिवसभर तक्रारी ऐकते. घरी आले की घसा दुखतो आणि बोललेली मात्र कोणाशीच नसते.

८ ऑगस्ट, गुरुवार

२६ सेमी. दांडीच्या टोकाला बंद मूठ. आत कळ्या मोजल्या — अकरा.

अडचण अशी आहे की हे फूल स्वतःच्या परागानं बी धरत नाही. बाबांनी शंभरदा सांगितलं होतं. दुसरं झाड हवं, त्याच वेळी फुललेलं. दुसरं झाड एकच आहे — हार्लिंगन गावी, माझ्या भावाकडे, विब्रेनकडे.

आणि विब्रेनशी मी दोन वर्षं बोललेली नाही.

बाबा ब्रशनं पराग लावायचे आणि लगेच देठाला दोरा बांधायचे, कुठल्या फुलाला लावला ते कळावं म्हणून. लहानपणी आम्हालाही लावू द्यायचे. माझा दोरा हिरवा, दादाचा निळा. दोन गाठी आणि वर एक फास. तो मुद्दाम माझ्यापेक्षा छान फास घालायचा. हरामखोर.

११ ऑगस्ट, रविवार

भाड्याच्या बागेच्या तुकड्यावरच्या काचघरात होते, तर शेजारच्या वाफ्यावरच्या यिके डोकावल्या. वय पंच्याहत्तर, पायात लाकडी बूट, तोंडात कायम ज्येष्ठमधाची काळी गोळी.

"काय ग पोरी, झाडाशी बोलतेस?"

"नाही हो. मोजतेय."

"तेच ते."

कॉफी दिली त्यांनी, बरोबर एकच बिस्किट, डबा लगेच बंद. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं ते पिवळं आहे माझ्याकडे. मागच्या वसंतात सतरा फुलं. तुमच्या दारासमोरून उचललेलं."

बाबा गेल्यावर घर रिकामं करून द्यायचं होतं. मी कामावरून आले तर विब्रेननं सगळ्या कुंड्या फुटपाथवर मांडलेल्या, वर पाटी — 'न्या'. बाबांची तीस वर्षं! लोक सायकलच्या टोपल्यांत घालून नेत होते. त्यानं दोनच ठेवल्या होत्या, ही आणि ती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तू त्यांना दुसऱ्यांदा पुरलंस." नुसते त्याचे कान लाल झाले.

"मला वाटलं, तुम्हीच द्यायचं ठरवलंत," यिके म्हणाल्या. "तुझे बाबा तरी काय करायचे? कोणी दारात आलं की कुंडी हातात."

खरं आहे. माहीत होतं मला. राग यायला माहीत नसावं लागतं.

१४ ऑगस्ट, बुधवार

पहिलं उघडलं. लाल, आतून थोडं गुलाबी. सगळ्या कळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर झुकल्यात. मी खाली बसून वर बघत राहिले. पाय बधीर झाले.

पराग सुटलाय. पण फुलाच्या आतल्या दांडीचं टोक, जिथे दुसऱ्याचा पराग लावायचा, ते अजून कोरडं, ते चारेक दिवसांनी चिकट होणार. स्वतःचा पराग उडून गेला की मग ते तयार होतं. शहाणं आहे.

१५ ऑगस्ट

विब्रेन, फुललं.

विब्रेन, तुझ्याकडे काय परिस्थिती?

दादा, मी तेव्हा जे बोलले ते

नाही. काहीच नाही पाठवलं.

संडासात बाबांचं वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलंय. बसल्या बसल्या दिसतं, त्यांच्या अक्षरात — १७, विब्रेन. दर ऑगस्टला मी तिथे बसून त्याला माफ करत नाही.

शेवटी बाबांसारखंच केलं. बेकिंगच्या कागदाची घडी, आत माझ्या फुलाचा पराग, घडीवर तारीख. वाढदिवसाच्या कार्डात घातली. कार्डावर एक शब्द नाही. त्याला फक्त घडीवरून कळेल. टपालपेटीत टाकलं आणि लगेच हात घालून परत काढावंसं वाटलं. हात जात नाही आत. बघितलं जाऊन.

१७ ऑगस्ट, शनिवार

एकतीसचा झाला तो. मी केक खाल्ला. एकटीनं.

२१ ऑगस्ट

टपालात दाताच्या डॉक्टरांचं आठवणपत्र. दुसरं काही नाही.

टोकं चिकट झालीत, चकाकतायत. मी बोट लावलं. तेवढंच.

२४ ऑगस्ट, शनिवार

आठ फुलं गेली. नुसती मऊ होऊन लोंबतात, मग सुकतात. तीन उरली.

त्याचं फुललं नसेल. किंवा कंद कुजला असेल, नाहीतर त्यानं तोही कोणाला तरी दिला असेल. किंवा कार्ड उघडलंच नसेल. शेवटचं पटतं.

यिके म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येईल की ग."

"दरवर्षी येत नाही हो."

"मग मी काही ते बघायला नसेन," म्हणाल्या आणि हसल्या. मी हसले नाही. मग वाईट वाटलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर फोन. सुकलेलं बघायला जायची इच्छाच झाली नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

काचघराची किल्ली तिसऱ्या कुंडीखालीच होती, पण उलटी. बाबांची जागा. आम्हा दोघांनाच माहीत.

उरलेल्या तिन्ही देठांना निळा दोरा. दोन गाठी, वर फास. माझ्यापेक्षा छान.

यिके कुंपणावरून ओरडल्या, "काल एक उंच माणूस आला होता! कोण तू, विचारलं, तर म्हणे पोस्टमन. पोस्टमन ब्रश घेऊन येतो होय ग? कान बघायला हवे होतेस त्याचे, टोमॅटो!"

चिठ्ठी नाही. मी तरी कुठे लिहिली होती?

म्हणजे हार्लिंगनलाही फुललंय.

पाच चाळीसची गाडी आहे. हिरवा दोरा घेतलाय.