पंगतीची सतरंजी

माय, परवा मी एस.टी.त बसून पालमहून आपल्या गावी जाऊन आले. मारुतीचं देऊळ पाडून नवं बांधायलेत. कोठीतलं जुनं सामान काढून ओट्यावर ढीग घातला होता. फुटक्या समया, उंदरांनी कुरतडलेले पडदे आणि एक जुना ढोल. त्या ढोलाला गुंडाळलेला लाल-पांढरा तुकडा दिसला आणि माझे पाय तिथंच थांबले. पोरं म्हणाली, "आज्जे, ते चिंधाट कशाला उचलायलीस? जाळायला काढलंय." मी म्हणलं, "जाळा की बाबांनो, मी मेल्यावर." आणि तुकडा पिशवीत घातला. घरी येऊन उजेडात उलगडला. हातभर आहे फक्त. पण झिजून झिजून आतला उभा ताणा उघडा पडलाय, आणि त्यात एक निळा धागा आहे. तो दिसला आणि खूण पटली. कारण प्रत्येक सतरंजीच्या ताण्यात मधोमध एक निळा धागा घालायची खोड तुझीच. धाग्याच्या उजवीकडं तुझी बाजू, डावीकडं माझी. विणून झालं की तो आडव्या बाण्याखाली झाकून जायचा, मग तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचा.

पन्नासाच्या वर वर्षं झाली तुला जाऊन. मला लिहायला शिकवलं ते तुझ्या मास्तर जावयांनी. तेही गेले आता. इतकी वर्षं हातात पेन होतं, पण तुला एक ओळ लिहिली नाही. भीत होते म्हण. आज लिहायलेय, कारण हा तुकडा समोर पडलाय आणि मला गप्प बसू देत नाही.

आपला माग म्हणजे काय होता गं? पडवीत जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या, दोन आडवे वासे आणि त्यांच्यात ताणलेलं पांढरं सूत. बाप चुडाव्याच्या टेशनावरनं सुताचे गठ्ठे डोक्यावर आणायचा. लढाईच्या दिवसांत त्यालाही परवाना लागायचा, अन् परवाना काढता काढता त्याच्या वहाणा झिजायच्या. ताणा लावायचा तो गल्लीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत घेऊन तू चालतेस, परत फिरतेस, पुन्हा चालतेस. त्यावर ज्वारीच्या पिठाची पातळ खळ फिरवतेस, आणि तोवर गल्लीतली माणसं भिंतीला चिकटून जातात. कुणाची म्हैस सुटून आली की तुझा असा आवाज लागतो की म्हैसच काय, तिचा मालकही माघारी फिरतो. मग ताणा मागावर चढतो. विणलेल्या भागावर फळी टाकून आपण दोघी शेजारी शेजारी बसतो. रंगवलेल्या सुताची गुंडी धाग्यांतून सरकवायची आणि लोखंडी दातांच्या पंज्यानं ठोकायची. ठक ठक, ठक ठक. तुझा ठोका जड, माझा चिमणीचा.

आणि तिथंच सगळी गोम होती. एका मागावर दोघी बसल्या की दोघींचा हात सारखा लागतो. जिचा ठोका जड तिची बाजू दाबून बसते, जिचा हलका तिची फुगते, आणि आडवा पट्टा हलक्या हाताकडं वर चढतो. डोळ्याला ते लवकर दिसत नाही. म्हणून तू दर वीतभर विणून झालं की सुतळी आडवी ताणून बघायचीस. त्या सुतळीची मला बापापेक्षा जास्त धास्ती होती.

मी अकरा वर्षांची असेन. तहसीलच्या साहेबाचा दौरा होता, तंबूत अंथरायला सतरंजी सांगितली होती. न्यायला आलेला शिपाई अंगणात बाजेवर बसून पान खायलाय, आणि शेवटची चार बोटं राहिलीत. तू सुतळी ताणलीस. माझी बाजू दोन बोटं वर. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.

"उसव."

"किती?"

"वीतभर."

शिपाई उठून आला. वाकून बघितलं, त्याला काही दिसलं नाही. बिचारा समजुतीनं म्हणाला, "अम्मा, बहुत अच्छी है. कौन देखता जी?" तू त्याच्याच बोलीत म्हणालीस, "मैं देखती ना!" आणि माझ्याकडं बोट करून आपल्या बोलीत म्हणालीस, "आन् ही पोरगी बी देखती. आज न्हाई दिसलं तिला तर जलमात दिसायचं न्हाई." तो कुरकुरत गेला, दुसऱ्या दिवशी आला. मी रडत रडत उसवलं. ठोकून बसवलेला बाणा सुटता सुटत नाही गं, नखाखालून रक्त आलं. मी हळूच म्हणलं, "माय, तूच थोडं हलकं ठोक की. पट्टा आपोआप सरळ यील." तू पंजा खाली ठेवलास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं त्यात. "सरळ यील. दिसायला साजरी, बसायला लबाड. दोगी हलक्या झालो तर सतरंजी न्हाई, चाळणी व्हईल ती. मी तुझ्यासाठी हात आखडनार न्हाई, आन् तू बी कुनासाठी आखडू नको. जमत नसंल तर उठ फळीवरनं, पर अंग चोरून बसू नको." मी उठले नाही. पण त्या दिवशी तुझा लय राग आला होता मला, खोटं कशाला सांगू.

पुढच्या दिवाळीला तू मला तुझा पंजा दिलास. बाकीच्या पोरींना बांगड्या मिळाल्या, मला लोखंड! मी तोंड वेंगाडलं तर म्हणालीस, "घे मुकाट्यानं. ह्याला माझा जोर ठावा हाय, तुला शिकवील." मुठीच्या लाकडावर तुझ्या अंगठ्यानं खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात बुडायचा. दोन वर्षांत बरोबर बसायला लागला. मग एक दिवस तू सुतळी ताणलीस, बघितलीस आणि काही न बोलता गुंडाळून ठेवलीस. तू शाबासकी देणारी बाई नव्हतीस. पण त्या रात्री माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा होता, ते मी बघितलं होतं.

मग तुला हिवतापानं धरलं. दर पावसाळ्याला यायचा, दर खेपेला थोडी थोडी तुला घेऊन जायचा. उजवा खांदा धरला, हात डोक्याच्या वर जाईना. त्यात माझं लग्न ठरलं. बाप म्हणाला, "आता माग मोडू." तू म्हणालीस, "एक राह्यलीय." मारुतीच्या भंडाऱ्याला लोक अजून पोत्यावर बसतात, तुला ते कधीचं डाचत होतं. पंगतीची सतरंजी आपल्या मागावरची पाहिजे. लांबच लांब, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, म्हणजे प्रत्येक ओळीनं आपापल्या लाल पट्ट्यावर बसावं. "पंगत सुतात बसली पायजे," म्हणायचीस. ती तुझी शेवटची होती. तुला माहीत होतं, मला माहीत होतं.

पौषात बसलो. पहिली वीत झाली आणि तू खोकत आत पाणी प्यायला गेलीस. मी सुतळी ताणली. दोन बोटं वर होती. तुझी बाजू.

माय, मी ती सुतळी तशीच धरून बसले. मनात म्हणलं, आता सांगायचं का तिला, उसव म्हणून? कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं असतं तर तू उसवलं असतंस, मला ठाऊक आहे. पुन्हा विणलं असतंस, पुन्हा चढला असता, पुन्हा उसवलं असतंस. आणि मग एके दिवशी तूच फळीवरनं उठली असतीस, कारण नियम तुझाच होता. तू उठणं मला बघवलं नसतं. तुझ्या पायांचा आवाज आला तशी मी सुतळी लपवली. "बरोबर हाय का?" तू विचारलंस. "बरोबर हाय," मी म्हणलं. तू पुन्हा बघितलं नाहीस. माझ्यावर भरवसा टाकलास तो नेमका त्याच दिवशी. तू म्हशीला कोंडा घालायला गेलीस तेवढ्यात मी माझ्या बाजूचे धागे सैल करून पट्टा सारखा केला, आणि दुसऱ्या दिवसापासून हात आखडला. तुझा ठोका ऐकायचा आणि तेवढाच द्यायचा, त्याच्यापेक्षा रत्तीभर जास्त नाही. सोळा वर्षांची घोडी मी, दंडात जोर मावत नव्हता, आणि पंजा असा टेकवत होते जसा आजाऱ्याच्या कपाळावर हात. हलकं ठोकणं जड ठोकण्यापेक्षा लय अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.

फाल्गुनात सतरंजी उतरली. अंगणात उलगडली तर पट्टे असे सरळ की बापानं तोंडात बोट घातलं. तू बसलीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवलास. "बघ," म्हणालीस, "हात गेला न्हाई अजून." तुझे डोळे भरले होते, माझेही. पण दर सतरंजीला तू शेवटी एक काम करायचीस. बाण्यात अंगठ्याचं नख रोवून बघायचीस, आत शिरलं तर सतरंजी ढिली. त्या दिवशी तू नख लावलं नाहीस. तळवा फिरवलास आणि उठलीस. विसरलीस? तू? चुलीवर मीठ विसरशील, पण नख विसरशील? मी जन्मभर हेच उगाळत आले. तुला कळलं होतं का गं? आणि कळूनही तू मला "उसव" म्हणाली नाहीस का?

चैत्रात पंगत बसली. पहिली पंगत गड्यांची, आपण बाया खांबाआड. लाल पट्ट्यावर माणसं ओळीनं बसली, पत्रावळी ओळीनं, वाढपी ओळीनं. तू माझ्या खांद्याला धरून उभी होतीस. "सुतात बसली," एवढंच म्हणालीस. भादव्यात तू गेलीस. निजाम गेलेला तू बघितला नाहीस, माझं पोर बघितलं नाहीस, आणि बरं झालं म्हणू का वाईट, सतरंजी फाटलेलीही बघितली नाहीस.

तिसऱ्याच भंडाऱ्याला तिचे धागे सरकले. तुझ्या जुन्या सतरंज्या वीस-वीस वर्षं लोकांनी तुडवल्या, आणि ही तीन भंडाऱ्यांत चाळणी. मी माहेरी आले होते. शेजारची काकू तिच्यावर हात फिरवून हळहळली, "तुझ्या मायचा हात शेवटाला ढिला पडला व्हता बघ. न्हाईतर तिची सतरंजी अशी व्हती व्हय?" चार बाया माझ्याकडं बघायल्या होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणलं, "हो."

तेवढंच. हो. आणि त्या "हो"नं तुझं नाव त्या गावात ढिल्या हाताची म्हणून राहिलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट कीव करायचे. पण तुझी कीव झालेली तुला चालली असती का? तू त्या काकूला म्हशीसारखं पिटाळलं असतंस.

आत्ता तुकडा मांडीवर आहे. निळ्या धाग्याच्या उजवीकडं नख लावलं, आत गेलं. डावीकडं लावलं, तितकंच आत गेलं. त्या काकूच्या जागी तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, म्हातारीचा हात ढिला पडला, कबूल, पण पोरीची बाजू का ढिली? गावात हे विचारणारी तू एकटी होतीस, आणि तूच नव्हतीस.

हा कागद मी कुणाच्या हाती देणार आणि कुठं धाडणार? या तुकड्यातच गुंडाळून पेटीच्या तळाला, तुझ्या पंज्याशेजारी ठेवते. काकू गेली, बाप गेला, त्या पंगतीतलं आता कुणी राहिलं नाही. मला विचारायलाही कुणी येणार नाही. म्हणून तुलाच सांगते, माय. तुझा हात गेला होता, पण सतरंजी ढिली केली ती मी.