माइकपासून थोडं मागे

३ मार्च
अल्बम नक्की झाला! नाव 'ऐकू येतंय का?'. मीच सुचवलं. तसा बँडही माझाच म्हणायचा. वाद्यं बाकीच्यांची, पण कल्पना माझी. नऊ गाणी. नऊही मीच गाणार. आईला, सासूबाईंना आणि अख्ख्या ऑफिसला सांगून टाकलं.
संकल्प: रोज पहाटे रियाज. तेलकट बंद. ड्रमवाल्याशी भांडायचं नाही (तो माझा मेहुणा आहे).

४ मार्च
पहाटे जाग आली नाही. गळ्याला विश्रांतीही लागते.

६ मार्च
ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवून स्टुडिओत. जागा पहिल्या मजल्यावर, भिंतींना फोम. गिटारवालीने स्टेपलर आणि रेनकोटच्या चेनवर ताल धरला. आमचं संगीत प्रायोगिक आहे, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मी पहिली ओळ गायलो आणि रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून कान चोळले. 'वेगळं आहे' म्हणाला. मग म्हणाला, माइकपासून थोडं मागे सरका. आवाजात ताकद असली की असं होतं.

९ मार्च
आणखी मागे. पाठ दाराला टेकली. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आता खोली हवी. मला वाटलं भावनेची म्हणतोय. बाहेरची म्हणत होता.

१० मार्च
बाहेरची खोली बरी आहे. सोफा आहे, पाण्याचा कूलर आहे. तो मध्येच गुडगुडतो, पण सुरात. मेहुणा म्हणाला, दुरून डोंगर साजरे. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून माझ्याबद्दल बरा शब्द निघाला. बायकोला सांगितलं तर ती हसतच सुटली. भावाचं भारी कौतुक तिला.

१५ मार्च
आज जिन्यात गायलो. काय घुमतो आवाज! वरच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर धावत खाली आला, कुणाला लागलंय का म्हणून. गाणं काळजाला भिडल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा?
रियाज उद्यापासून.

१८ मार्च
पार्किंग. शेवटचं गाणं. गिटारवालीला मागे रस्त्याचा आवाज हवा होता, म्हणून खिडकीतून लांब वायर सोडून एक माइक खाली आणला. त्याचं तोंड मात्र गेटकडे. मला पाण्याच्या टाकीमागे उभं केलं. डोळे मिटून सूर लावला, तोच वॉचमन आला. गाडी तुमची का, नाही ना, मग बाजूला व्हा, बाजूला व्हा, बाजूला व्हा! रेकॉर्डिंगचं वाटोळं. वरून सगळे खिडकीत येऊन टाळ्या वाजवत होते. मी वाकून नमस्कार केला.
रेकॉर्डिस्टला बजावलं, यातला एक आवाज काढून टाक. तो म्हणाला, तो तर काढणारच.

२६ मार्च
मिक्सिंगला मला बोलावलं नाही. बरोबरच आहे. स्वतःचा आवाज ऐकून माणूस हुरळून जातो. भजी खाल्ली.

५ एप्रिल
अल्बम आला. घरी सगळ्यांना जमवलं. आई, सासूबाई, शेजारचे काका, दोन ऑफिसवाले. नऊ गाणी झाली. नऊही गिटारवालीने गायलीत. छान गायलीत, तेच तर जास्त लागलं. मी कुठेच नाही. काकांनी उगाचच घड्याळाला किल्ली दिली. आईने दोनदा आवाज वाढवून पाहिला आणि शेवटी विचारलं, मागे ते गुडगुड गुडगुड येतं, तो तूच ना रे?
कूलर होता तो. मी हो म्हणालो.

६ एप्रिल
जेवलो नाही. बँड सोडला. मेहुण्याचं तोंड पाहणार नाही.

९ एप्रिल
मेहुण्याचा फोन. माफी मागायला केला असणार म्हणून तीन रिंग वाजू दिल्या. म्हणाला, शेवटचं गाणं धो-धो चाललंय, 'बाजूला व्हा' तर पोरंटोरंसुद्धा गुणगुणतायत. शनिवारी मोठा कार्यक्रम आहे, वॉचमन स्टेजवर हवाय. पण त्याला सुट्टी मिळत नाही, बदली माणूस दिल्याशिवाय.
मला रडू आलं. खरंच आलं. फोन लांब धरून रडलो, माइकमुळे तशी सवय झालीये. मग विचारलं, किती वाजता येऊ?
मेहुणा म्हणाला, सहाला या. टोपी मिळेल, खुर्ची मिळेल, शिट्टीही मिळेल. फक्त ती वाजवू नका.