कुंकू लावलेली गाय

वसुबारस, २००१. अल ऐन, अमिराती

हौसेनं बायकोला, मेधाला, आमच्या डेअरीवर नेलं, गाय पुजायला. तिनं एका गायीला कुंकू लावलं, बाजरीची भाकरी भरवली. त्याच बोटानं मलाही टिळा लावला.

संध्याकाळी धारा झाल्यावर गायी एकेक निघाल्या. गळ्यातली चिप वाचून गेट आपोआप वळतं. उजवीकडे गोठा, डावीकडे कत्तलखान्याचा ट्रक. कुंकवाची गाय आली आणि गेट डावीकडे उघडलं!

मी ओरडलो. सुपरवायझर म्हणाला, "खलास साब, नंबर तो आपने ही डाला था."

हो, सकाळी मीच. कमी दूध देणाऱ्या गायींचे नंबर, कत्तलीच्या यादीत. कपाळ कोण बघतं?

मेधा लांब कठड्याशी, खुशीत. "अहो, कशी शहाण्यासारखी वळली! वासराकडे गेली ना?"

"हो," म्हणालो.

टिळा अजून पुसलेला नाही.