तीनदा उघडल्याशिवाय जुनी किल्ली मोडू नये

मी, मिस्बाह चांदसाहेब शिकलगार, वय २८, राहणार कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे. सोमवारी मिरजेत माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणाले. मी घाबरले आहे, पण शुद्धीत आहे.

१. बँकेतील शिल्लक व कानांतल्या रिंगा शरियतीप्रमाणे वारसांना जाव्यात. पुढील दोन वस्तू मृत्युपत्राने देता येणाऱ्या एक तृतीयांशाच्या आत बसतात, हे मी दोनदा तपासले आहे.

२. स्कूटी भाऊ वसीम याला. तिचा आरसा त्यानेच फोडला होता. नवा त्यानेच बसवावा.

३. आमच्या किल्ल्यांच्या दुकानाच्या माळ्यावरचा संगणक माझी फुफी, म्हणजे आत्या, महेजबीन हिला. त्यात घरातल्या सर्वांच्या पासवर्डांची तिजोरी आहे. ती कुठल्या कंपनीकडे नाही. आपल्याच संगणकावर एका कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यासारख्या जागेत, चालते आणि वेळोवेळी अपडेट करावी लागते. मरहूम अम्मीच्या आवाजाच्या क्लिपा ज्या खात्यात आहेत, त्याचा पासवर्ड फक्त इथेच आहे.

वसीमची हरकत मला ठाऊक आहे. "आपा, फुफी किल्ल्या घासते. तिला कंटेनर काय कळणार?" म्हणून कारण नोंदवते.

४. शाळेत घालण्याआधी फुफीने मला दुकानातच, कानशीने पत्र्यावर कोरून, अक्षरे शिकवली. दुकानाचा नियमही तिथेच शिकले: नवी किल्ली झाली की झिजलेली मोडायची, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. मागच्या वर्षी अपडेट करताना मी तो पाळला. नवा कंटेनर सुरू होताच जुना पुसला, त्यातला पासवर्डांचा साठा पुसला, बाजूला काढलेली प्रतही पुसली. नवा उघडला तो रिकामा.

मी रडत दुकानात गेले. फुफीने खिळ्यावरच्या जुडग्यातून एक पेनड्राइव्ह काढला.

"मागल्या जुम्म्याला ही नक्कल दिलीस आनि म्हनलीस, नवं चालू झालं की मोडून टाक. म्या न्हाई मोडली."

"का गं?"

"नवी तीनदा उघडून दावलीस कवा? त्याबिगर जुनी मोडत न्हाईत. निम्मा नियम शिकलीस आनि लय शानी झालीस!"

अम्मीचा आवाज त्या खिळ्यामुळे राहिला.

५. अपडेटची रीत: आधी प्रत काढावी व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नव्या आवृत्तीच्या सूचना वाचाव्यात. मग नवा कंटेनर सुरू करून तीन ठिकाणांहून उघडावा. जुने शेवटी मोडावे. काल फुफीने हे एकटीने केले; मी हात मागे बांधून उभी होते. तिसऱ्या खेपेला तिने पुण्याला वसीमला फोन लावला.

"उघडलं का रं?"

"उघडलं, फुफी."

"अम्मीचं खातं हाय का त्यात?"

फोनवर वसीम यादीतली नावे पुटपुटत गेला. मग म्हणाला, "हाय."

माझ्याहून सावकाश झाले, आणि माझ्याहून नीट.

६. मुख्य पासवर्ड येथे लिहीत नाही. फुफीला पाठ आहे.

७. मार्चमध्ये केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. मात्र ते लगेच फाडू नये. हे नवे अब्बांनी, वसीमने आणि फुफीने एकेकदा मोठ्याने वाचावे. तिघांना सारखेच समजले, तर जुने फाडावे.

सही: मिस्बाह चांदसाहेब शिकलगार

आम्हा दोघांच्या देखत तिने वाचून सही केली:
१) अर्फा मुजीब तांबोळी
२) इंद्रजित नाथाजी कोळेकर

कवठे महांकाळ, शनिवार, १३ सप्टेंबर २०२५