न झालेल्या महामार्गाचे आभार

ती. भावोजींस, आणि हे पत्र तुमच्या हातून ओढून आधी वाचणाऱ्या ताईलाही, नमस्कार.

नदीच्या दोन्ही काठांवर पुलाची वाट बघत केस पिकवलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्याला पुन्हा एकदा फसवण्यात आलं आहे. (माफ करा, लेखणी हातात आली की मला समोर सभा दिसते. पण तुम्ही दोघं त्या काठावर आणि आम्ही या, तेव्हा संबोधन अगदीच चुकलेलं नाही.) तो महामार्ग आणि त्यावरचा तो लांबलचक पूल, ज्याचा नकाशा भावोजी, तुम्ही नोकरीत असताना स्वतःच्या हाताने काढलात, तो आता कायमचा रद्द होणार आहे. तुमची कंबर कशी आहे? ताई गोळ्या वेळेवर घेते का, की अजून मनाला येईल तेव्हा? इकडे सगळे ठीक. आता मुद्द्यावर येतो, म्हणजे जरा लांबून येतो.

तुम्हाला आठवत असेल, तुमची रेघ नेमकी आमच्या घरांच्या पाठीमागून गेली होती. आमची रांग आणि पलीकडची रांग तेव्हा एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. मध्ये दोन भिंती आणि सांडपाण्याचा नाला. पलीकडच्या माणसांशी आमची ओळख फक्त त्यांच्या भांडणांच्या आवाजावरून. मग रस्त्यासाठी भिंती पाडल्या, नाला बुजवला, जमीन सपाट झाली, आणि मी टेबलावर उभा राहून भाषण ठोकलं की उद्या जग या बाजूने धावणार आहे, जगाला पाठ दाखवू नका. भाषण बरं झालं असावं, कारण दोन्ही रांगांनी घरंच फिरवली. पुढची दारं मागे नेली, मागच्या न्हाण्या पुढे आणल्या. शेजारच्या शिंप्याने धावत्या ट्रकमधून वाचता यावी म्हणून माणसाएवढ्या अक्षरांची पाटी लावली. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपली खुर्ची भल्या मोठ्या काचेच्या खिडकीत मांडली. रस्ता मात्र सपाट जमिनीच्या पुढे सरकला नाही, आणि पूल नदीकाठच्या मातीच्या भरावापुढे.

तेव्हापासून गल्लीतून येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या घरात न्हाणीतून शिरतो. मागच्या आठवड्यात महामार्ग खात्याचे अधिकारी तसेच शिरले. मी अंगाला साबण लावून उभा. (कडी मोडलेली आहे. सुतार म्हणतो, हे पुढचं दार की मागचं ते एकदा ठरू द्या, मग बसवू.) बिचारे परत फिरले असते, पण प्रकल्प रद्द हे शब्द त्यांच्या तोंडून निसटले होते, आणि मी टॉवेल गुंडाळून बोलायला लागलो. आश्वासनं, विश्वासघात, दोन काठांची ताटातूट, सगळं काढलं. बादलीतलं पाणी निवलं तरी मी थांबेना. अधिकारी हातात तांब्या धरून ऐकत होते. (तो मीच त्यांच्या हातात दिला होता, हातवारे करता यावेत म्हणून.) शेवटी स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "अहो, ते भाषण राहू द्या. जागेचं काय करणार ते विचारा."

जागेचे प्लॉट पाडणार, ते म्हणाले. रस्ता आराखड्यातून वगळला की जागा मोकळी होईल, आणि दोन रांगांच्या मध्ये उंच इमारतींची तिसरी रांग उभी राहील. चांगली बातमी सांगतोय अशा चेहऱ्याने ते हे सांगत होते. भावोजी, आयुष्यात पहिल्यांदा मी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

कारण त्या जागेत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला आम्ही अजून तुमच्या नकाशातल्या नावांनीच ओळखतो. डाव्या मार्गिकेत, ताईबरोबर इथे राहायला आलेली तुमची नात चालायला शिकली. उजव्या मार्गिकेत आमची ही दुखऱ्या गुडघ्यांनी सायकल शिकली; डॉक्टरांच्या आईला तिने दोनदा पाडलं, तरी त्या रोज हौसेने समोर येऊन उभ्या राहतात. दुभाजकावर दोन्ही रांगांचे कपडे वाळतात. टोलनाक्यावर म्हातारे बसतात, ते नवी बातमी घेतल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नाहीत. डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला ही आमच्या ओट्यावरून धीर देते. परवा एकाला ओरडून म्हणाली, "घाबरू नका हो, माझी तर चुकीची दाढ काढली होती, तरी काही झालं नाही." तेव्हापासून डॉक्टर पडदा ओढून घेतात. संध्याकाळी आम्ही सगळे पुलावर जातो, म्हणजे त्या भरावावर. तिथून तुमच्या काठाचे दिवे दिसतात.

मागे मी घरात कोसळलो, तेव्हा मला खाटेसकट उचलून नेणारे चारही जण पलीकडच्या रांगेतले होते. पूर्वी त्यांची तोंडंही मला माहीत नव्हती. (वाटेत मी त्यांना दोन सूचना केल्या. डॉक्टर म्हणाले, "बोलताय म्हणजे जगताय, आता गप्प पडा.")

ताईला पूल हवा होता, मला कळतं. लाँचमध्ये तिला मळमळतं. पण ताई, खरं सांग, पूल असता तर तू चहा पिऊन परत गेली असतीस. लाँच चुकली या एका सबबीवर तू इथे आठवडाभर राहतेस, आणि ती चुकवायला आम्ही सगळे मदत करतो.

मी जन्मभर न झालेल्या गोष्टींचा निषेध केला. आभार मानायची ही पहिलीच वेळ, म्हणून जीभ जरा अडखळते. भावोजी, ती रेघ वाया गेली म्हणून तुम्ही सासरी यायला संकोचता, असं ताई सांगते. संकोचू नका. तुमच्या हातून उभं राहिलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ही रिकामी जागा आहे, आणि दोन्ही रांगा तुमचं नाव काढतात.

तुमचा,
आवाज खाली आणण्याच्या प्रयत्नात असलेला मेहुणा

ता. क. पत्र फक्त आभारासाठी आहे असं वाटलं असेल, तर मला अजून बोलता येतं म्हणायचं. काम असं आहे. महामार्ग वगळण्यावर हरकती मागवल्या आहेत आणि सोमवारी सुनावणी आहे. आम्हा रहिवाशांच्या हरकती आधीच पोचल्या, पण त्यांना कोण विचारतो? अधिकारी म्हणाले, मूळ नकाशा काढणाऱ्याने हरकत घेतली तर मात्र प्रस्ताव बाजूला ठेवावा लागेल. रस्ता कागदावर राहिला तर जागा राहील.

ता. क. २. फार जोर लावू नका. तुमचं मुद्देसूद लिखाण मला ठाऊक आहे. चुकून त्यांना रस्ता खरंच बांधावा असं पटलं, तर बुलडोझर दारात येईल.

ता. क. ३. ही म्हणते, भावोजींना खोटं लिहायला लावू नका. खोटं काहीच नाही; पूल हवा हे तुमचं मत आजही आहे, फक्त घाई नाही. तेव्हा आजच बसा, साध्या कागदावर लिहा की महामार्ग वगळण्यास माझी हरकत आहे आणि त्याचा नव्याने, सर्व बाजूंनी सखोल अभ्यास करण्यासाठी एक मोठी समिती नेमावी, खाली सही करा, आणि शनिवारच्या आत तो कागद स्वतः खात्याच्या कार्यालयात नेऊन द्या.