दसऱ्याचा लॅपटॉप

१२ फेब्रुवारी

पुन्हा अडकला! संगीताच्या हळदीवर. तिच्या मावशीनं हळदीचा हात वर केला, आणि हात तिथंच. मी चहा करून आले, पिऊन झाला, कप विसळला — हात वरच.

हा लॅपटॉप म्हणजे निव्वळ पापड. बारीक, चकचकीत, आणि काडीचं ओझं सोसत नाही. नुसता पत्रिका बनवायला घेतला असता तर चाललंही असतं. पण माझं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग! तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग एकावर एक रचलं की याची छाती भरते. मेमरी कमी पडते, बाकी काही नाही. रॅम वाढवली की सरळ होईल. दुकानदार देवीलालनं घेतानाच सांगितलंय, वाढते म्हणून. रविवारी यवतमाळ. झालंच.

१३ फेब्रुवारी

आज सहा वेळा बंद. शिव्या दिल्या. मोठ्यानं. बाबा तुरीच्या खळ्यावर होते म्हणून बरं.

१५ फेब्रुवारी

गेले. पांढरकवड्याहून एसटीनं, उभ्यानं. देवीलालचं दुकान उघडं होतं. मी पापड काउंटरवर ठेवला, म्हटलं, रॅम डबल करून द्या.

त्यानं उलटा केला, पाहिला, परत सुलटा केला. "ताई, ह्याच्यात नाही वाढत. बोर्डालेच सोल्डर करून येते. कंपनीतूनच."

म्हटलं, मग दुसरी डिस्क टाका. जागा तरी वाढू द्या.

"ते बी नाही होत. दुसरी जागाच नाही दिली त्याईनं."

बॅटरी? चिकटवलेली. कीबोर्ड? वरचं अख्खं झाकणच बदलावं लागतं. दसऱ्याच्या पूजेत एक अक्षता 'एम'च्या खाली गेली आहे, तेव्हापासून 'एम' दाबला की कुरकुरतो. तीसुद्धा काढता येत नाही म्हणे! तांदळाचा एक दाणा!

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं वाढते म्हणून. तर म्हणतो, "मी असं म्हणूच शकत नाही. दसऱ्याले किती गर्दी होती, कोणाले काय बोललो काय ध्यानात राहते?"

माझ्या मात्र चांगलं ध्यानात आहे. काउंटरवर दोन लॅपटॉप होते. एक जाडा, एक हा. भाव जवळपास सारखाच. मी विचारलं, पुढं रॅम वाढवता येईल ना? त्यानं पुढ्यातल्या मालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सगळं होते ताई, टेन्शन नका घेऊ." मग मी नारळ, हार आणि आपट्याची पानं आणायला बाहेर गेले. परत आले तर आई हा बारीक हातात धरून उभी. "हाच घेऊ वो, कागदावानी हलका आहे." मी कशाला नाही म्हणू? दोन्ही वाढणारेच होते ना!

१६ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलंच. बाबांचा ट्रॅक्टर पंधरा वर्षांचा आहे. टायर बदललं, क्लच बदलला, सीट तर आईनं गोधडी शिवून केली. उद्या कुणी म्हणालं, चाक पंक्चर झालंय, नवा ट्रॅक्टर घ्या, तर गाव त्याला हाणेल. आणि लॅपटॉपवाल्यांना आपण हार घालतो!

मी सोडणार नाही. ग्राहक आयोगात तक्रार टाकणार.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "जाऊ दे वो. कायले कोर्टकचेरी? खांदा तर नाही दुखत ना आता तुहा?"

हे तिचं नेहमीचं. खांदा! जुना लॅपटॉप विटेसारखा होता, खरं आहे. कॅमेरा, लाइट, स्टँड आणि वर ती वीट घेऊन एसटीत चढायचं म्हणजे उजवा खांदा सुजून यायचा. आई रोज तिळाचं तेल कोमट करून चोळायची. आता नाही दुखत. पण न दुखणारा खांदा घेऊन मी करू काय? कामच होत नाही तर!

२० फेब्रुवारी

पांढरकवड्यातल्या वकीलसाहेबांकडे गेले होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वाढत नाही हा दोष नाही, तसं खोक्यावर छापलेलं असते. पण वाढते असं सांगून विकला असेल तर ती फसवणूक. तो बोलला याचा पुरावा काय?"

मी आणि आई, दोघी होतो म्हटलं.

"आई बोलतील का तसं?"

हो, का नाही?

संध्याकाळी आईला विचारलं. म्हणाली, "मले नाही आठवत बाई. माह्या हातात कुंकवाचा करंडा होता."

करंड्यानं कान बंद होतात का?

२१ फेब्रुवारी

पुरावा आहे! होता!!

पूजेचा व्हिडिओ! दुकानातच काउंटरवर लॅपटॉपची पूजा केली, झाकणावर स्वस्तिक काढलं, पायरीवर नारळ फोडला. सगळं आईच्या फोनवर शूट केलं. नारळ आणायला जाताना मीच तिच्या हातात फोन दिला, रेकॉर्डिंग चालू करून. म्हटलं, बंद करू नको, परत चालू करता नाही यायचं तुला. म्हणजे मी आत आल्यावर भाव करताना, बिल करताना देवीलाल जे जे बोलला ते सगळं त्यात असणार. मी परत एकदा विचारलंही होतं बहुतेक.

धावत जाऊन फोल्डर उघडलं. तयार केलेली रील सापडली. स्वस्तिक, हार, नारळ. देवीलालचे ओठ हलताहेत. आणि आवाज? सनई! मूळ आवाज बंद करून मी त्यावर सनई टाकली. सवय! लग्नात काय करतो आपण? पाहुण्यांची कुजबुज, भांड्यांचे आवाज, पोरांचं रडणं सगळं म्यूट, वर गाणं.

आणि मूळ व्हिडिओ? डिलीट केला. जागा नव्हती म्हणून. पापडात जागा नव्हती! सुरुवातीला नुसता दुकानाचा पंखाच आला होता, आईनं फोन आडवा धरलेला. फालतू म्हणून उडवला.

आईचा तो फोन संक्रांतीच्या सुमारास बंद पडला. कुठं आहे विचारलं. "काय माहीत. ठेवला असन कुठीसा."

मी माझ्या हातानं त्याचा आवाज बंद केला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२५ फेब्रुवारी

बंजारा तांड्यावर गेले, संगीताच्या घरी. लग्नाचा सिनेमा होळीच्या आत हवाय, होळी झाली की ती नवऱ्यासोबत हैदराबादला जाणार. तिचे वडील पूनमसिंग भले माणूस, घाई करत नाहीत. आई भुरीबाई तशी नाही.

मोबाइलवर थोडे तुकडे दाखवले. बिदाईवर मी गाणं टाकलं होतं. भुरीबाईनं पाहिलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"हे कोण गाऊन राह्यलं?"

गाणं आहे, म्हटलं. सगळ्यांच्याच बिदाईला टाकते.

"माह्या पोरीनं ढावलो म्हटला. याडीच्या, माह्याच गळ्यात पडून म्हटला. त्यो कुठी गेला?"

ढावलो म्हणजे त्यांच्यातलं सासरी जाताना मुलीनं रडत रडत म्हणायचं गाणं. आईचं, भावाचं, दाराचं नाव घेत घेत. मला वाटलं, रडणंच आहे, ऐकायला बरं नाही वाटत. म्हणून म्यूट.

"रडणंच ठेव," भुरीबाई म्हणाली. "तुहं गाणं काढ. संगीताची पोरगी उद्या विचारन, माय कशी गेली होती. मंग तिले हे दाखवू? हे तं कोणाचं बी आहे."

उठलेच तिथून. मूळ शूटिंग अजून उडवलेलं नाही, देवाची कृपा. पण मूळ आवाज, तिन्ही कॅमेरे, पूर्ण लांबी — पापड मरेल.

मरू दे. पण ढावलो पूर्ण जाईल.

२७ फेब्रुवारी

युक्ती केली. अख्खा सिनेमा एकदम उघडायचाच नाही. दोन-दोन मिनिटांचे तुकडे. एक तुकडा करायचा, बाहेर काढायचा, बंद करायचं, दुसरा. मग सगळे शेवटी जोडायचे. तापू नये म्हणून खालून ओला टॉवेल — आईची आयडिया, पण टॉवेल ताटाखाली, ताटावर लॅपटॉप. हसू नको, चालतंय!

१ मार्च

अजून ढावलोच. आज हेडफोन लावून पूर्ण ऐकला. शब्द निम्मे कळले नाहीत. मध्येच संगीता श्वास घ्यायला थांबते, आणि भुरीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटते. तेवढं ऐकून मलाच रडू आलं. इतकी वर्षं मी लोकांच्या लग्नातून हेच कापून फेकत आले!

५ मार्च

दिला! परवा होळीच्या दिवशी, तांड्यावर, पूनमसिंगच्या भिंतीवर पांढरी चादर लावून. ढावलो सुरू झाला. मग एक रडली, मग सगळ्या. भुरीबाईनं माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले. नंतर राजकुमार म्हणून त्यांचा एक पाहुणा आला. म्हणाला, आमच्याकडे एप्रिलात दोन लग्नं आहेत, "पण असाच पाहिजे, आवाजाचा."

म्हणजे आता प्रत्येक सिनेमा जड होणार. म्हणजे मेमरी पाहिजेच. देवीलाल, थांब तू.

७ मार्च

तक्रार टाकली. वकीलसाहेब म्हणाले, पुराव्याशिवाय अवघड आहे. म्हटलं, पुरावा शोधते, तुम्ही टाका.

आईला सांगितलं. जेवताना म्हणाली, "त्या दुकानदाराचं बी पोट आहे."

माझं नाही का?

१४ मार्च

सापडला! पाडव्याची साफसफाई चालू होती. आईच्या पेटीत, तिच्या शालूच्या घडीत गुंडाळलेला. जुना जाड फोन. इथं कसा आला? आई शेतात गेलेली.

चालू होत नाही, बॅटरी फुगली आहे. पण या जाड्याचं मागचं झाकण नखानं निघतं! झाकण काढलं, बॅटरी काढली, आणि तिच्या खाली — कार्ड! मीच तेव्हा सेटिंग करून दिलं होतं, व्हिडिओ कार्डावर जाऊ दे, तुझा फोन लहान आहे म्हणून. किलोभर वजनाचं मेलेलं डबडं, आणि पोटातलं सगळं शाबूत काढून देतंय. आणि पापड मेला तर सगळं घेऊन मरणार!

आता ऐकवते सगळ्यांना. आयोगातच लावते, मोठ्या आवाजात.

कार्ड लावायचं कुठं पण? पापडाला खाच नाही! कार्ड रीडरचा जोड होता, तो होळीच्या रात्री राजकुमारच्या सामानात गेला, त्यांच्या तांड्यावर. त्याच्याकडून यायला पाडवा उजाडेल.

१६ मार्च

आईला सांगितलं, फोन सापडला. तिच्या हातातलं सूप थांबलं. मग पुन्हा पाखडायला लागली.

१९ मार्च, पाडवा

जोड आला. ऐकलं.

पंखा फिरतोय. फक्त पंखा. खालून देवीलालचा आवाज — "काकू, ताईनं त्या जाड्याचं विचारलं होतं. त्याच्यात वाढते. ह्याच्यात नाही वाढत, आताच सांगून देतो."

आई — "वजन कोणाचं कमी?"

"ह्याचं. पण पुढं..."

"मंग हाच द्या. तिचा खांदा सुजते, भाऊ. रात्री कुशीवर नाही होता येत तिले. अन् तिले सांगू नका, नाहीतर ते जाडंच उचलीन."

मग लांबून मी — "आई, नारळ मिळाला!"

परत लावलं नाही. वकीलसाहेबांना फोन केला, तक्रार मागे घ्यायची आहे. देवीलालकडे जाईन, त्याचीही माफी मागीन. कंपनीला मात्र लिहिणारच — खांदा की काम, हे माझ्या आईला का निवडायला लावलंत?

गुढीला साखरगाठी बांधताना तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "निघालं का काही त्या कार्डात?"

नुसता पंखाच आहे, म्हटलं.

मग म्हटलं, आई, आज तेल लावून दे ना खांद्याला.

"दुखून राह्यला काय?"

नाही. तरी लाव.