चौथ्या नावेचा दोर

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९.१०
कुंचले धूत आहे. जयसिंगपुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. आजपासून कसबा बावड्यात आण्णांकडे खरी चित्रे! आण्णांनी पाचशे रुपये उचल दिली. म्हणाले, म्हांतेश, अक्षर झ्याक हाय, आता पाणी शिक. आधी फिक्या निळ्याचे आडवे हात, त्यावर होड्यांची प्रतिबिंबे खाली ओढायची, मग कोरडा कुंचला हलकेच आडवा फिरवायचा. पाणी हलल्यासारखे दिसते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ८.००
पुरात भिजलेले पंचगंगेचे जुने चित्र साफ करायला मिळाले. चार नावा. तिघींत माणसे; चौथी रिकामी, पैलतीराजवळ. तिच्यापासून पैल काठापर्यंत चिखलाची बारीक रेघ होती. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली. पंधरा मिनिटे लागली.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
आण्णा ओरडले. ती घाण नव्हती, दोर होता. त्यांच्या वडिलांनी मुद्दाम काढलेला. रिकामी नाव माणूस हुडकत येती, मर्दा, म्हणून बांधल्याली, म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी लगेच नवा दोर काढला. तेलरंग वाळायला चार दिवस.
फूटपट्टीने चित्रातल्या नावेची लांबी मोजली. चार सेंटिमीटर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, दुपारी २.१५
नाव आज सहा सेंटिमीटर; अलीकडे सरकली आहे. ओला दोर ताणून पुसट झाला आहे. आण्णांनी सांगितले होते, चित्रापाशी कुणी एकटे थांबायचे नाही. मी विसरून जेवायला गेलो. परतलो तर आण्णा नाहीत. चपला दारातच. डबा देणाऱ्या अंबूबाई दारासमोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, न्हाय बा, भाईर कोण पडलं न्हाय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळी ७.००
नाव पुन्हा पैलतीराला — रिकामी. तिथल्या काठावर एक माणूस. काल नव्हता. खांद्यावर पिवळा टॉवेल.
आण्णांचा.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
दोर वाळत आला. उद्या पक्का होईल — मी वाचेन. पण मग नाव येणार नाही. आण्णाही येणार नाहीत.
बोळा हातात आहे. चित्रातून ते हात हलवतात — ये म्हणतात की नको —
पुसला.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ६.०५
नाव चौकटीएवढी. आण्णाच वल्हवतात. फरशी ओली —
खर्च : टर्पेंटाइन १४०, कापूस ३०.
देणे : अंबूबाईंचे दोन डबे १२०. आण्णांची उचल ५०० —
नाव टेकली. आण्णा उतरत नाहीत. हात पुढे केला आहे. नोट ठेवली — घेत नाहीत — मनगट ध